चहाचा थांबा

धबधब्याला पंचवीस मिनिटं, दीपगृहाला वीस, कासवांच्या किनाऱ्याला पाऊण तास आणि मसाल्याच्या बागेला चांगला तासभर, कारण तिथे लोक खरेदी करतात आणि खरेदीत माणसाला घड्याळ दिसत नाही. ही सगळी वाटणी घड्याळबाईंची. खरं नाव वेगळं होतं, पण सहली काढणाऱ्या त्या ऑफिसात त्यांना तोंडावर ‘बाई’ म्हणायचे आणि पाठीमागे ‘घड्याळबाई’. पाठीमागचं बाईंना ठाऊक होतं आणि त्यांचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. जिने आयुष्यात एकदाही बस चुकवली नाही, तिला लोकांनी दुसरं म्हणायचं तरी काय?

ऑफिस म्हणजे औषधांच्या दुकानावरची एक लांबट खोली. एसीचं पाणी बादलीत ठिबकायचं आणि ती बादली दुपारी कुणीतरी मोरीत ओतायचं. बाईंच्या टेबलासमोरच्या भिंतीवर त्या बेटांच्या देशाचं भलंमोठं पोस्टर होतं. एक मोठं बेट, भोवती त्याची पिल्लं, माडाची झाडं, आणि ऊन लागून लागून विटलेला समुद्र. त्या देशाच्या सहली बाईंनी इतकी वर्षं आखल्या, की कुठल्या वळणावर पोटात ढवळतं आणि कुठल्या हॉटेलात उशा कडक असतात, ते त्या डोळे मिटून सांगायच्या. पण पाऊल एकदाही ठेवलं नव्हतं.

“बाई, तुमचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं,” टूर मॅनेजर चिडवायचा. माणूस कामाचा, पण तोंडाला कुलूप नाही. म्हणून त्याला सगळे बडबड्या म्हणत.

“शेळ्या वेळेवर पोचतात ना?” बाई मान वर न करता म्हणायच्या. “मग उंटाची चौकशी तुला कशाला?”

बाईंचे तीन नियम होते आणि ते प्रत्येक सहलीच्या कार्यक्रमाखाली ठळक छापलेले असत. बस सुटायच्या दोन मिनिटं आधी भोंगा वाजणार. मधल्या थांब्यावर डिकी उघडणार नाही. एकासाठी सगळ्यांना थांबवलं जाणार नाही. डिकीचा नियम एका गृहस्थामुळे आला होता. त्यांना धबधब्याशी आपल्या रबरी चपला आठवल्या, त्या निघाल्या सगळ्यात खालच्या बॅगेत, आणि त्या दिवशी दीपगृह राहिलं ते राहिलंच. तेव्हापासून डिकी बंद म्हणजे बंद. मालक आले तरी बंद.

बाई राहायच्या दोन खोल्यांत, एकट्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. ऑफिसात बघायच्या जागा फार आणि वेळ थोडा, अशी ओढाताण. घरी सगळं उलटं. वेळ नुसता पडलेला आणि बघायला काही नाही. रविवारी दुपारी त्या गॅलरीत उभ्या राहायच्या आणि समोरच्या इमारतीत कोण कपडे वाळत घालतंय ते बघायच्या. रेडिओ लावून ठेवायच्या, तोही ऐकायला नव्हे, घरात कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून. एकटं राहायची सवय होते, असं लोक म्हणतात. लोकांचं म्हणायला काय जातं!

आता ऑफिसात कुणालाच माहीत नव्हती ती गोष्ट सांगतो. बाईंना एक मुलगी होती. एकुलती एक. घरात तिला बबी म्हणायचे. आणि ही बबी राहत होती त्याच देशात, पोस्टरवरच्या त्याच मोठ्या बेटावर, किनाऱ्यालगतच्या एका गावात.

तिथल्या एका होड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाशी बबीने लग्न ठरवलं. आईला विचारलं नाही, सांगितलं. बाईंना होड्यांचा राग नव्हता, जावयाचाही नव्हता. राग होता तो न विचारल्याचा. त्या रागाच्या भरात त्या बोलून गेल्या, “आता तुझं तू बघ.” बबी हट्टी. ती खरंच आपलं आपण बघायला लागली. आईची लेक ती, खाण तशी माती! भांडण असं काही उरलं नाही. वाढदिवसाला फोन व्हायचा. कशी आहेस, बरी आहे, पाऊस आहे का, आहे. संपलं.

बाई वाट बघत होत्या एका शब्दाची. ‘ये.’ बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही, हे त्यांनी जन्मभर पाळलं होतं. आणि तिकडे बबीला वाटत असेल, सख्ख्या आईला काय आमंत्रण पाठवायचं असतं? म्हणजे दोघींनी दार उघडं ठेवलेलं आणि दोघी आपापल्या घरात बसलेल्या. याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

त्या वर्षी मालकांनी नवी सहल काढायचं ठरवलं. उत्तरेच्या बंदरात उतरायचं आणि किनाऱ्याच्या रस्त्याने दक्षिणेपर्यंत जायचं. बाईंनी नकाशा पसरला आणि रस्त्यावरून बोट फिरवलं. रस्ता बबीच्या गावातूनच जात होता. गावात बघायला म्हणाल तर शून्य. ना देऊळ, ना किल्ला, ना धबधबा. एक धक्का, चार होड्या, बास. शहाणा माणूस तिथे बस थांबवणार नाही. बाईंनी तिथे पेन्सिलीने टिंब केलं आणि पुढे लिहिलं, चाळीस मिनिटं.

“इथं काय आहे?” मालकांनी विचारलं.

ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणजे काय ते त्या दिवशी बाईंकडून शिकावं. ‘इथं माझी लेक आहे,’ एवढं म्हटलं असतं तर मालकांनी चार दिवसांची रजा आणि तिकीटही दिलं असतं. माणूस वाईट नव्हता. पण बाई म्हणाल्या, “तिथल्या एका घरात चहा. हॉटेलं काय, सगळेच दाखवतात. खरंखुरं राहतं घर कोण दाखवतं?”

मालक खुर्चीतून उठलेच. “वा, बाई! हे कुणाला सुचलं नाही. घर मिळेल?”

“बघते,” बाई म्हणाल्या. “पहिल्या खेपेला मी स्वतः जाते. पाहणी करायला.”

मग त्यांनी बबीला निरोप टाकला. आई लेकीला टाकते तसा नव्हे, ऑफिस टाकतं तसा. ‘आमचा ग्रुप तुमच्या गावावरून जाणार आहे. तुझ्या घरी चहाची सोय होईल का? थांबा चाळीस मिनिटांचा. मी बरोबर असेन.’ आणि खाली सवयीने अख्खा कार्यक्रम जोडला, तीन नियमांसकट.

उत्तर आलं, “किती जण?”

बाईंनी आकडा कळवला. ‘चालेल’ असं आलं. त्या एका ‘चालेल’वर बाईंनी मनात किती मांडे खाल्ले म्हणून सांगू! ती दारात येईल, म्हणेल, अगं किती वाळलीस. मग म्हणेल, जाऊ दे बस पुढे, तू राहा. सहल संपल्यावर चार दिवस तिथे राहता येतील अशी रजाही त्यांनी गुपचूप विचारून ठेवली. आणि एक गोधडी शिवायला घेतली. नवऱ्याचे जुने शर्ट आणि बबीचे लहानपणचे फ्रॉक, इतकी वर्षं जपून ठेवलेले, त्यांच्या चौकोनांची. बारा महिने घाम काढणाऱ्या देशात गोधडी! पण आईच्या डोक्यात एकदा शिरलं की शिरलं. ऑफिसातून आल्यावर त्या टाके घालत बसायच्या, आणि तेवढे दिवस रेडिओ लावायची आठवण झाली नाही.

गोधडी मोठ्या बॅगेत गेली. मोठी बॅग डिकीत गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी बस त्या गावात शिरली तेव्हा बाईंनी चार वेळा पदर सारखा केला होता. धक्का दिसला, उलट्या घातलेल्या होड्या दिसल्या, आणि रस्त्याकडेला पत्र्याच्या छपराचं एक घर दिसलं. ओसरीवर मांडलेलं लांब टेबल, त्यावर कपांच्या रांगा. टेबलामागे बबी. थोडी जाड झाली होती. केस बापासारखे कपाळावर आलेले.

बस थांबली. बाई खाली उतरल्या आणि मागे वळून म्हणाल्या, “डिकी उघडा जरा, माझी बॅग हवी होती.”

बडबड्याने दोन्ही हात कानांना लावले. “मधल्या थांब्यावर डिकी? बाई, नियम कुणाचा?”

उतरणारे लोक हसले. खरं तर त्याने गंमत केली होती. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर त्याने मुकाट्याने उघडली असती. पण बाई हट्टाला पेटल्या त्या स्वतःवरच. “बरोबर आहे,” म्हणाल्या आणि रिकाम्या हाताने पुढे झाल्या.

आणि बडबड्या हा बडबड्याच. ओसरीवर चढता चढता म्हणाला, “ताई, ह्या आमच्या ऑफिसच्या बाई. ही सहल ह्यांनीच आखली.”

बबीने आईकडे बघितलं. आता पुढे काय होतंय याची ती वाट बघत होती. बाईंनी काय करावं? मागे अख्खी बस उभी. इतक्या दिवसांची लपवाछपवी अंगाशी आलेली. बाईंनी हात जोडले आणि पोटच्या पोरीला म्हणाल्या, “नमस्कार.”

बबीच्या तोंडावरचं काहीतरी विझलं. ती म्हणाली, “या. बसा.”

झालं. मग चाळीस मिनिटं दोघींनी चहा वाटला. बबी ओतत होती, बाई ट्रे फिरवत होत्या. कुणाला बिनदुधाचा, कुणाला साखर वेगळी, कुणाचा कप गळका. खोबऱ्याचे काप संपले, ते आणायला बाई आत गेल्या तेव्हा त्यांना लेकीचा संसार दिसला. नीट लावलेली भांडी. खिडकीत वाळत घातलेला निळा टॉवेल. आतल्या खोलीत एक जास्तीची खाट, तिच्यावर नवी चादर, घडीसुद्धा न मोडलेली. कुणीतरी येणार असेल यांच्याकडे, असं बाईंच्या मनात आलं. हुशार बाई, बेटावरच्या सगळ्या हॉटेलांच्या खाटा जिला पाठ, तिला ही खाट कळली नाही.

बाहेर एक गोऱ्यापान आजी बबीला विचारत होत्या, “माहेर कुठलं गं तुझं? आईवडील असतात का?”

“वडील नाहीत,” बबी म्हणाली. “आई असते तिकडे. कामात असते.”

बाई खोबऱ्याची ताटली घेऊन दारातच उभ्या होत्या.

बबीने सगळ्यांत शेवटी त्यांच्या हातात कप दिला. भरपूर साखर, आलं ठेचून, पूर्वी घरी व्हायचा तसा. बाईंना साखर बंद होऊन दोन वर्षं झाली होती. हे बबीला माहीत असायचं काही कारण नव्हतं, सांगितलं कुणी होतं? बाई तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या.

“आणखी घे,” बबी हळूच म्हणाली.

तेवढ्यात भोंगा वाजला. बाईंनीच ठरवलेला, दोन मिनिटं आधीचा.

“बस चुकेल,” बबी म्हणाली. तिला म्हणायचं होतं, चुकू दे. तिचे डोळे तेच म्हणत होते. पण बाई कप बघत होत्या. त्यांना ऐकू आलं, ‘निघ आता.’ त्यांनी कप टेबलावर ठेवला, “चहा छान होता” असं म्हणाल्या आणि बसमध्ये चढल्या. एकासाठी सगळ्यांना थांबवायचं नाही, नाही का! खिडकीतून त्यांनी पाहिलं तर बबी कप गोळा करत होती. मागे बघत नव्हती. गोधडी डिकीतच राहिली. सहलीचे उरलेले दिवस तिच्याबरोबर फिरली, आणि परत येऊन कपाटावर जाऊन बसली. मागितलेली रजा बाईंनी रद्द करून टाकली.

आणि गंमत बघा, सहल तुफान चालली. परत आलेला प्रत्येक जण म्हणायचा, धबधबा ठीक, कासवं ठीक, पण त्या घरचा चहा! मालकांनी पेढे वाटले आणि सांगितलं, “बाई, हा थांबा आता कायमचा.” करायला गेल्या एक आणि झालं भलतंच. आईने स्वतःच्या हाताने लेकीचं घर प्रेक्षणीय स्थळ करून ठेवलं. महिन्यातून दोनदा अख्खं जग तिच्या ओसरीवर बसून येणार, आणि ही इथे ठिबकणाऱ्या एसीखाली.

प्रत्येक सहलीआधी बबीचा निरोप यायचा, “किती जण?” बाई आकडा कळवायच्या. वाढदिवसाच्या फोनपेक्षा बोलणं वाढलं, एवढं खरं. पण ते असं.

लेकीची खबर बाईंना आता गिऱ्हाइकांकडून कळायची. सहलीहून आलेले लोक ऑफिसात फोटो दाखवायला यायचे, तेव्हा बाई चष्मा लावून बघत. लोकांना वाटायचं, काय आस्था आहे बाईंना कामाची! बाई माणसांच्या डोक्यांमागे बघत असत. घराला नवा रंग दिलाय. ओसरीवर एक मांजर आलंय. एका फोटोत बबीच्या हाताला पट्टी होती. बाईंनी तो फोटो इतका वेळ धरून ठेवला, की फोटोवाल्या काकू म्हणाल्या, “बाई, तो परत द्यायचाय.” त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. भाजलं असेल की कापलं असेल? टाके पडले असतील? सकाळी बबीला विचारायला फोन हातात घेतला, आणि विचारणार कशी, मला कळलं कुठून म्हणून सांगणार, अशा खुळ्या विचारात तो खाली ठेवला. लेकीला लहानपणी डास चावला तरी जिचा जीव वर-खाली व्हायचा, तिला आता चौकशी करायला निमित्त लागत होतं. बाई मोरीत जाऊन रडल्या, नळ सोडून. घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी नळ सोडून.

एकदा बडबड्या सहलीहून परतला आणि बिलं टेबलावर टाकता टाकता म्हणाला, “बाई, ती आपली चहावाली ताई आहे ना, ती बिचारी फार घाबरते बरं का आपल्याला.”

“घाबरते? ती का म्हणून घाबरेल?”

“अहो, तुम्ही पहिल्यांदा गेलात ना पाहणीला, त्याचा धसका घेतलाय तिने. बस थांबली की आधी दाराशी येऊन उभी राहते. एकेक माणूस उतरताना बघत बसते. शेवटचा उतरला की मला हळूच विचारते, ‘ऑफिसातून कुणी आलंय का?’ दर खेपेला, हं. मी म्हणतो, नाही हो ताई, कुणी नाही आलं, निवांत राहा.” तो हसला. “तरी त्या टेबलावर एक कप ती वेगळा झाकून ठेवते. आलं घातलेला. पाहणीवाले अचानक टपकले तर, म्हणून असेल. मग भोंगा वाजला की ओतून टाकते. ह्या खेपेला तर म्हणे त्यात साखर घातली नव्हती. मी विचारलं, बिनसाखरेचा कुणाला? तर म्हणाली, वय झालं की बंद करतात ना माणसं.”

बाईंनी बिलं पुढे ओढली. बडबड्याला वाटलं, नेहमीप्रमाणे बिलं तपासतायत. तो जेवायला निघून गेला. बादली भरत आली होती, ती ओतायलाही कुणी नव्हतं. बाई विटक्या पोस्टरकडे बघत बसल्या. आपण बंद दाराशी थांबलोय असं त्या समजत होत्या, आणि तिकडे पोर महिन्यातून दोनदा दारात उभी राहून, उतरणारी माणसं चाळत होती. ती जास्तीची खाट. ती न मोडलेली चादर. ‘बस चुकेल.’ सगळं आत्ता कळलं, भर दुपारी, टेबलाशी. “अगं मूर्ख बाई,” त्या स्वतःलाच मोठ्याने म्हणाल्या.

पुढच्या सहलीला अजून अवकाश होता. पण नेहमीचा निरोप येईपर्यंत थांबायचा धीर बाईंना उरला नव्हता. त्यांनी फोन घेतला आणि स्वतःहून लिहिलं, “या आठवड्यात एक जण येऊ शकेल का?”

बबीचं उत्तर लगेच आलं. “एकच?”

“एकच.”

“वेळ किती?”

बाईंनी धबधब्यांना वेळ दिला होता, दीपगृहांना दिला होता, समुद्रात बुडणाऱ्या सूर्यालासुद्धा पंधरा मिनिटं दिली होती. आता बोट अक्षरांवर ठेवून त्या बसून राहिल्या. मग त्यांनी लिहिलं, “तू म्हणशील तेवढा.”

पलीकडून काही आलं नाही. बाई उठल्या, बादली ओतून आल्या, परत बसल्या. तरी काही नाही. जास्त मागितलं का आपण, असं त्यांच्या मनात आलं. खाली औषधाच्या दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. मग टेबलावरचा फोन थरथरला.

“मग कप काढत नाही, ताट वाढते. ये. पण ह्या वेळी ऑफिसातून येऊ नकोस आई, घरून ये.”